अर्ध्या दिवसाची आत्या

दहा वर्षांच्या मुलीचं बारसं करायचं म्हटल्यावर पहिली अडचण पाळण्याची येईल, असं कोणालाही वाटेल. तसं नाही. पाळण्याची अडचण दुसरी. पहिली अडचण आत्याची. बारशाला आत्या लागते, आणि आमच्या परीक्षितला बहीण नाही. ही उणीव भरून काढण्याचं आम्हा उभयतांचं वय आता उलटून गेलं आहे, हे मी पत्नीच्या नजरेला आणून दिलं. वनिता म्हणाली, "मग बाहेरून आणू."

बाहेरून आणणे हा शब्दप्रयोग त्या सुमारास आमच्या घरात चांगलाच रुळला होता, कारण मुलगीही बाहेरूनच आणली होती. यवतमाळकडच्या एका बालगृहातून परीक्षित आणि जाईनं गुंजनला दत्तक घेतलं, आणि ती इथं परदेशात, हॅलिफॅक्सला, पोचेपर्यंत कागदपत्रांनी इतका वेळ खाल्ला की तिच्यासाठी घेऊन ठेवलेले बर्फातले बूट दोनदा बदलून मोठे आणावे लागले. मदतीला म्हणून आम्ही दोघं पुण्याहून आलो. मदत म्हणजे वनिता सुनेच्या स्वयंपाकात लुडबूड करते आणि मी खिडकीशी बसून धुकं सांभाळतो.

या धुक्याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इथं कोणालाच जाता येत नाही. ते समुद्रावरून निघतं, फेरीबोटीच्या आधी धक्क्याला लागतं आणि चढावरची घरं एकेक करून पुसत वर येतं. समोरचं गॉर्डनचं घर रोज सकाळी थोडा वेळ रद्द होतं. मग हळूहळू छप्पर उमटतं, मग खिडक्या, आणि सर्वांत शेवटी खाली, कॉफीचा कप घेतलेला गॉर्डन. अशा हवेत माणसाला आपण जागे आहोत की नाही याची खात्री उरत नाही. मला ती पुण्यातही फारशी नसे. बंदरातला भोंगा वाजतो तोही झोपेतून वाजल्यासारखा, लांबलचक आणि ओला. गुंजननं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा काचेला नाक लावून विचारलं, "कोनाची म्हैस हाये जी? तिले चारा काऊन नाई टाकत?"

मुलीची भाषा अशी ठणठणीत. इथल्या मराठी मंडळातली झाडून सगळी मुलं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतात. आमची गुंजन इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला वऱ्हाडीत उत्तर देई. हेदर नावाची समाजसेविका अधूनमधून पाहणीला यायची, मूल नव्या घरात रमलं की नाही याचा अहवाल तिला भारतात पाठवावा लागे. ती विचारायची, शाळा आवडते का? गुंजन म्हणायची, "शाळा बरी हाये, पन तिथी डब्यात थंडं खातेत बाप्पा." हेदर मान डोलावून लिहून घ्यायची. काय लिहून घ्यायची, देव जाणे.

पण प्रत्येक भेटीच्या शेवटी हेदर एक प्रश्न जाईला विचारी: "ती तुला काय म्हणून हाक मारते?"

आणि जाई खरं ते सांगे. "मॅडम."

गुंजन परीक्षितला सर म्हणायची, जाईला मॅडम म्हणायची. आम्ही आल्यावर मी मोठे सर झालो आणि वनिता मोठ्या मॅडम. घरात एकदम चार माणसांचा स्टाफ झाला. मुलगी हसरी होती, खायची, झोपायची, परीक्षितच्या मागे मागे फावडं घेऊन बर्फ शोव्हल करायची. पण हाक मारायची वेळ आली की आमच्या घराची शाळा व्हायची. जाई पोळ्या लाटत असली की मागून आवाज येई, "मॅडम, एक पोळी पायजे होती." जाई पोळी वाढी, तूप लावी, आणि उरलेल्या पोळ्या जरा जास्तच जोरात लाटी.

यावर काही करायचं नाही, असं हेदरनं सुरुवातीलाच बजावलं होतं. आग्रह नको, सूचना नको, आडून सुचवणंही नको. मूल आपणहून म्हणेल तेव्हा म्हणेल. आम्ही सुशिक्षित माणसं. तज्ज्ञानं सांगितलेलं मोडायचं कसं? तेव्हा आम्ही चौघांनी मिळून इतक्या कसोशीनं काही केलं नाही की दिवस मावळेपर्यंत थकून जायचो. वनितानं एकदा चुकून "आजीकडे ये" असं म्हटलं तर परीक्षितनं तिला बाजूला घेऊन समज दिली. तिनं ती घेतली नाही.

"ज्या पोरीचं बारसं झालेलं नाही," ती म्हणाली, "तिनं कोणाला काय म्हणायचं? आधी तिला रीतसर पाळण्यात घाला. मग बघू."

यात तर्क कुठे आहे ते मी शोधत बसलो, आणि बसल्या बसल्या मला झोप लागली. जागा झालो तोवर बारसं ठरलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष नंदकुमार हे कल्पक गृहस्थ. त्यांनी ताबडतोब मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "आत्या पाहिजे. शनिवार, अर्धा दिवस. जेवण मिळेल. अनुभवाची अट नाही." उत्तरं भराभर आली. हॅमिल्टनच्या एका बाईंनी व्हिडिओवरून आत्या होण्याची तयारी दाखवली. एकानं कळवलं की आत्या नाही, पण मावशी उपलब्ध आहे. एका विद्यार्थ्यानं विचारलं की या कामाचं पत्र मिळेल का, पीआरच्या, म्हणजे इथं कायम राहण्याच्या, अर्जाला लावायला. शेवटी रुचा मिळाली. नागपूरची मुलगी, इथं कॉलेजात शिकते आणि उरलेल्या वेळात ग्रोसरीच्या दुकानात फळ्यांवर माल लावते. तिनं लिहिलं, "काका, शनिवारी दुपारी शिफ्ट आहे. तोपर्यंत मी आत्या."

आता पाळणा. इतक्या मोठ्या मुलीला मावेल असा पाळणा बाजारात नाही, यावर मंडळाचं एकमत झालं. आमच्या मंडळात एकूण एक माणूस इंजिनिअर आहे आणि एकालाही भिंतीत खिळा ठोकता येत नाही, सगळे सॉफ्टवेअरचे. तिघांनी मिळून स्क्रीनवर पाळण्याचा आराखडा काढला. त्यात पाळणा फार सुंदर हलत होता. अडचण एवढीच की तो स्क्रीनमधून बाहेर काढता येत नव्हता. अखेर गॉर्डन मदतीला आला. गॉर्डन नौदलात होता. आपल्या बेसमेंटमधून त्यानं बोटीवर झोपायचा कॅनव्हासचा एक झोपाळा काढून दिला, तो टांगायला लोखंडी घोडी दिली आणि सल्लाही दिला: "यात झोपणाऱ्याला वादळ जाणवत नाही."

"बारशात वादळ नसतं," मी म्हणालो. बोलून गेलो.

सभागृह धक्क्याजवळचं. ते आरक्षित करायला जाई गेली आणि सोबत म्हणून, खरं तर गाडीत झोपायला म्हणून, मी गेलो. व्यवस्थापिकेकडे समारंभाचे प्रकार ठरलेले होते: वाढदिवस, लग्न, शोकसभा आणि डोहाळजेवणाच्या धर्तीचं काहीतरी. बारसं हे वाढदिवसात घालावं की डोहाळजेवणात, यावर बराच खल झाला. जाईनं समजावलं, की मूल आलेलं आहे, त्याला पाळण्यात घालून नाव ठेवायचं आहे.

"पाळणा उभा करणार असाल तर विम्यासाठी वजन लागेल," बाई म्हणाल्या. "बाळ किती किलोचं?"

"एकतीस," जाई म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी जाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खुर्चीतून उठून तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि भरल्या आवाजात अभिनंदन केलं. भाड्यात सूटही दिली. मी खुलासा करणार होतो, पण जाईनं माझ्या पायावर पाय दिला.

नावाचा प्रश्न तेवढा सोपा होता. तो आमच्या मते. मंडळाच्या मते नव्हे. अक्षर कुठलं, अंक कुठला, इथल्या लोकांच्या जिभेला काय वळेल, यावर फोन येत राहिले. जाईनं एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद केली: "तिनं इतकं सोडून दिलंय, निदान नाव तरी राहू दे." गुंजनचं नाव गुंजनच ठेवायचं ठरलं. हे खुद्द गुंजनला सांगितलं तेव्हा तिला मोठं नवल वाटलं. "मले माहं नाव मालूम हाये. कानात कायले सांगता मंग?"

"तशी पद्धत आहे," वनिता म्हणाली.

"बरं," गुंजन म्हणाली. म्हाताऱ्या माणसांशी वाद घालायचा नाही, हे तिला बालगृहातच शिकवलं असावं.

त्या शनिवारी धुक्यानं कमाल केली. सभागृहाच्या खिडक्यांबाहेर बंदर नव्हतं, बोटी नव्हत्या, रस्ता नव्हता. नुसता दुधाळ उजेड. पाहुणे एकदम दारातच उगवत होते, पैठण्यांवर जाडजूड जाकिटं घालून, हातात डबे घेऊन. मधोमध घोडीवर टांगलेला, झेंडूच्या कागदी माळा लावलेला झोपाळा. कुंचीचा प्रश्न लोकरी टोपीला जरीची किनार शिवून सोडवला होता. घुगऱ्या होत्या. हेदरसुद्धा आली होती. तिची पाहणी याच आठवड्यात होती आणि तिला आमची संस्कृती बघायची होती.

मग वनिताला वरवंटा आठवला. बाळाला घालण्यापूर्वी पाळण्यात वरवंटा ठेवतात, हे जुन्या माणसांना माहीत असेल. संबंध हॅलिफॅक्समध्ये वरवंटा नव्हता. नंदकुमारांनी लाटणं सुचवलं. इंजिनिअरांचं म्हणणं पडलं की लाटण्यानं वजनाची चाचणी होत नाही. काहीतरी जड, निर्जीव आणि उपलब्ध असं हवं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी बाणेदारपणे नकार दिला, तो देत असतानाच मला दोघांनी उचललं. पण त्या झोपाळ्याबद्दल गॉर्डन खोटं बोलला नव्हता. कॅनव्हास दोन्ही बाजूंनी मिटला, माणसांचे आवाज दूर गेले, छत संथपणे इकडून तिकडे जाऊ लागलं. बाहेर भोंगा हंबरला. मला वाटलं, आपण पाण्यावर आहोत आणि कोणीतरी आपल्याला कुठेतरी नेतं आहे. कुठे ते विचारायची गरज नाही, पोचल्यावर कळेल. मग वरून गाणं ऐकू आलं. डोळे उघडले तर भोवती पंधरावीस बायकांचे चेहरे, आणि त्या माझ्याकडे बघत, ताल धरत म्हणत होत्या, "जो बाळा जो जो रे जो." तालीम चालली होती. माझ्या डोक्यावर जरीची टोपी होती. मंडळाच्या पोरांनी मोबाईलवर चित्रण करून ते अगोदरच पार दूर स्कारबरोपर्यंत पोचवलं होतं. एका पोरानं आईला विचारलंही, "इज ही द बेबी?"

मी शक्य तितक्या प्रतिष्ठेनं खाली उतरलो. झोपाळ्यातून प्रतिष्ठेनं उतरता येत नाही.

तालमीत एक वेगळीच अडचण निघाली. पाळण्यात पहिल्या दिवशी काय, दुसऱ्या दिवशी काय अशी कडवी असतात. इथं दिवसांऐवजी वर्षं घ्यावीत, असं ठरलं होतं. पण पहिल्या वर्षी काय झालं, ते कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षीचंही नाही. नंदकुमारांनी "माहिती उपलब्ध नाही" हे चालीत बसतं का, ते गुणगुणून पाहिलं आणि स्वतःच थांबले. तेव्हा टोपीचा ताबा घेत गुंजन म्हणाली, "सातव्याले माहे समोरचे दोन दात पडले होते. थे लिवा ना."

म्हणून पहिली सहा वर्षं बायकांनी नुसती गुणगुणून काढली. शब्दांशिवाय, हळू आवाजात, झोपाळ्याला झोका देत. बाहेर धुकं, आत ती चाल, आणि झोपाळ्यात टोपी घालून, पाय बाहेर लोंबकळत असलेली ती मुलगी, डोळे मिटून. सातव्या वर्षी दात पडले. दहाव्या वर्षी विमान उतरलं. जाई घुगऱ्यांचं पातेलं हातात धरून उभी होती आणि ते खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं.

"गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत बाळाला पाळण्याखालून पलीकडे द्यायचं असतं. एकतीस किलो देण्याची कोणाची छाती झाली नाही. गुंजन स्वतःच खालून सरपटत पलीकडे गेली आणि परत वर चढून बसली. टाळ्या पडल्या.

"आता आत्या," वनिता म्हणाली.

रुचा पुढे आली. दुकानात माल लावून लावून बिचारीचे हात सोलवटलेले, अंगावर जाईची साडी. तिनं वाकून गुंजनच्या कानात नाव सांगितलं आणि जोरात "कुर्रर्र" केलं.

पुढे काय होतं ते वाचकांना सांगायला नको. आत्यानं कुर्र केलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालतात. का घालतात, मला माहीत नाही. विचारायला गेलेल्या पुरुषालाही एकदोन बसतात. पण एक लक्षात घ्या. या बायकांना कित्येक वर्षांत आत्या मिळालेली नव्हती, आणि हिवाळेच्या हिवाळे शोव्हल करून करून त्यांच्या हातांत भलतीच ताकद आली होती. रुचाच्या पाठीवर धबाधबा असा आवाज निघाला की इंजिनिअर मंडळी दोन पावलं मागे सरली.

हेदर माझ्या कानाशी आली. "ही परंपरा आहे?"

"फार जुनी," मी म्हणालो. आमच्या घरात कोणी कोणावर हात उगारत नाही, असं जाईनं तिला पहिल्याच भेटीत सांगितलेलं मला आठवत होतं, आणि तिलाही आठवत असावं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

इतक्यात झोपाळा उलटा झाला. गुंजन त्यातून उडी मारून बाहेर पडली होती. टोपी एका डोळ्यावर आलेली, दोन्ही हात पसरलेले, रुचाला पाठीशी घालून ती सगळ्या मंडळासमोर उभी राहिली.

"ए! माह्या आत्याले काऊन मारून रायल्या तुम्ही? एकीले इतक्या जनी? आता लावा बरं हात!"

कोणी लावला नाही.

"अगं, खोटं खोटं मारतात," रुचा धापा टाकत म्हणाली.

"खोटं असो का खरं असो. माह्या आत्याले नाई मारायचं."

मला खरं सांगायचं तर आधी रागच आला. आम्ही घरची चार माणसं महिनोन्‌महिने तोंड शिवून, कसोशीनं वाट पाहत बसलो, आणि नातं गेलं कोणाला? अर्ध्या दिवसाच्या आत्याला! तेही नुसत्या जेवणावर.

रुचा मात्र हुशार. ती खाली बसली, गुंजनची टोपी सरळ केली आणि म्हणाली, "बरं मला सांग, आत्या म्हणजे कोण असते गं?"

"बापाची बहीन."

"मग मी तुझी आत्या, तर मी कोणाची बहीण?"

गुंजननं सभागृहभर नजर फिरवली. झोपाळ्याची गाठ हातात धरून परीक्षित दगडासारखा उभा होता. "सरची."

"मग सर तुझे कोण?"

"बाबा," गुंजन म्हणाली. गणिताचं उत्तर सांगावं तसं. आणि गणित पुढेही सुटतं हे तिच्या ध्यानात येऊ लागलं. "मंग मोठ्या मॅडम आजी. आन मोठे सर आबाजी?" तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "मले वाटे पाहुने हायेत. काई करतच नाईत बाप्पा."

मंडळ हसलं. मी हसण्यावारी नेलं.

जाई हसली नाही. पातेलं तसंच हातात धरून ती पुढे आली. "गुंजन, मग मला तू मॅडम का म्हणतेस?"

आपल्या हातून काही चुकलं की काय, असं मुलगी पाहू लागली. "तिथी तसंच होतं," ती म्हणाली. "कोनी मॅडम पाहाले आली, आन एखाद्या पोट्टीनं आई म्हटलं, का तिथची ताई वरडे. पाहुन्याले आई म्हनाचं नाई. घेऊन जातीन, तं थेच सांगतीन म्हने, मंग म्हनाचं." तिनं खाली पाहिलं. "तुम्ही सांगतलंच नाई."

"अगं, आम्ही तू म्हणशील म्हणून थांबलो होतो."

"आन मी तुम्ही सांगान म्हनून."

आम्ही सगळ्यांनी हेदरकडे पाहिलं. तिनं हसून मान डोलावली.

जाईनं पातेलं अखेर खाली ठेवलं. "म्हण," ती म्हणाली.

"आता?"

"आताच."

गुंजननं थोडा विचार केला. इतक्या माणसांसमोर एकदम काय बोलावं, हा प्रश्न कोणालाही पडला असता. मग पातेल्यात डोकावून ती म्हणाली, "आई, मले भूक लागली. वाढ ना."

जाई वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. परीक्षितनं हातातली गाठ सोडली, आणि झोपाळा माळांसकट खाली आला. वनितानं पदर तोंडाला लावला. तिच्या मागे, आत्ताच बुक्क्या घालून मोकळ्या झालेल्या बायकांनी ओळीनं आपापले पदर लावले.

हेदर गोंधळली. "काय म्हणाली ती?"

"भूक लागली म्हणाली," मी सांगितलं.

तिनं पुन्हा एकवार जाईकडे पाहिलं, मग त्या सगळ्या बायकांकडे. "मग या रडताहेत का?"

"आमच्याकडे कोणी भूक लागली म्हटलं," मी म्हणालो, "की बायकांना असंच होतं."

तिनं तेही लिहून घेतलं.